संताच्या गावी, बसनं

सान्तियागो दे कोंपोस्तेलाचा विमानतळ लावाकोया नावाच्या गावाच्या शिवारात आहे. तिथून एक लहानसा ओढा वाहतो. बाराव्या शतकात फ्रान्सकडून चालत येणारे यात्रेकरू संत जेम्सच्या समाधीपुढे उभं राहण्याआधी या ओढ्यात उतरून अंग खळखळून धुवायचे, अशी नोंद त्याच काळात लिहिलेल्या एका यात्रा-मार्गदर्शकात आहे. आता तिथं विमानं उतरतात आणि यात्रेची पायवाट धावपट्टीच्या टोकाला वळसा घालून पुढे जाते. आम्ही दोघी बहिणी विमानातून उतरलो आणि थेट शहराच्या बसमध्ये जाऊन बसलो. ओढ्याची हकिगत ऐकून ताई म्हणाली, "म्हणजे आपण बिनआंघोळीच्याच निघालो म्हण की."

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला हा गालिसिया प्रांत बघायचा तर गाडी भाड्यानं घ्या, असं भेटेल तो सांगत होता. गाडी न घेण्याचं आमचं कारण काही थोर नव्हतं. ताईला गाडी चालवता येत नाही आणि मला रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची छाती नाही. पण जिथं वर्षाला चार लाखांहून जास्त माणसं पायी येतात, त्या गावाला जायला गाडी लागते हे ऐकून मला गंमतही वाटली होती. शिवाय खुद्द संताकडे तरी कुठं गाडी होती? जेरुसलेममध्ये शिरच्छेद झाल्यावर त्याचं शव शिष्यांनी बोटीत घातलं, ती बोट गालिसियाच्या किनाऱ्याला लागली आणि पुढचा प्रवास बैलगाडीनं झाला, अशी कथा आहे. बैलसुद्धा माजलेले, रानटी. ते म्हणे गाडीला जुंपताच गरीब झाले.

कथा बाजूला ठेवली तरी इतिहासही काही कमी नाही. नवव्या शतकात इरिया फ्लाविया इथल्या तेओदोमिरो नावाच्या बिशपनं ही समाधी सापडल्याचं जाहीर केलं आणि तिच्याभोवती गाव उभं राहिलं. ९९७ साली कोर्दोबाचा मुसलमान सेनापती अल्मन्सूर यानं स्वारी करून देवळाच्या घंटा नेल्या, त्याही ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजानं कोर्दोबा जिंकलं तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत आल्या. १५८९ मध्ये इंग्रजांच्या, म्हणजे ड्रेकच्या, भीतीनं अस्थी अशा लपवल्या की पुढे त्या कुठं ठेवल्यात हेच कुणाला सांगता येईना. १८७९ मध्ये खोदकामात त्या सापडल्या आणि १८८४ मध्ये पोपनं त्या खऱ्या असल्याचा निर्वाळा दिला. इतिहासकारांना हा निर्वाळा पुरेसा वाटत नाही. चालणाऱ्यांना त्यानं काही फरक पडलेला दिसत नाही.

जुनं शहर पायांसाठीच बांधलेलं आहे. सगळं ग्रॅनाइटचं. रस्ते, भिंती, कमानी, पाण्याचे हौद, सगळं एकाच करड्या दगडात. पाऊस पडला की हा दगड काळपट चमकायला लागतो, आणि पाऊस इथं सारखाच पडतो. त्यावर तोडगा म्हणून रुआ दो व्हिलार आणि रुआ नोवा या रस्त्यांना दोन्हीकडून दगडी खांबांच्या ओवऱ्या आहेत. त्यांच्याखालून छत्री न उघडता अर्धं गाव ओलांडता येतं. या ओवऱ्यांतल्या दुकानांत आता शिंपले, काठ्या, टी-शर्ट आणि बदामाचा केक यांचीच चलती आहे. सुई-दोरा किंवा कुकरची रिंग हवी असेल तर नव्या शहरात जावं लागतं. गावातली माणसंही हळूहळू तिकडेच सरकली आहेत आणि त्यांच्या घरांतून बॅगांच्या चाकांचा खडखडाट ऐकू येतो.

ओब्रादोइरो चौकात सकाळी जाऊन नुसतं बसावं. समोर देवळाचा अठराव्या शतकातला नक्षीदार दर्शनी भाग. डाव्या हाताला कॅथलिक राजा-राणीनं पंधराव्या शतकाच्या अखेरीला काढलेलं यात्रेकरूंचं रुग्णालय, ज्याचं आता महागडं हॉटेल झालं आहे. आणि फरसबंदीवर आडवे झालेले यात्रेकरू. बूट काढलेले, पिशवी उशाला. कुणी रडतंय, कुणी व्हिडिओ कॉलवर आईला मनोरे दाखवतंय, सायकलवाले सायकली डोक्यावर उचलून फोटो काढतायत. किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलवरून आल्याचे शिक्के वहीत असले की यात्रेकरूंच्या कार्यालयात लॅटिनमधलं प्रमाणपत्र मिळतं. या नियमामुळे बरेच जण सारिया गावापासून, म्हणजे बरोबर शंभराच्या थोडं आधीपासून, चालायला सुरुवात करतात आणि फ्रान्सच्या सीमेपासून आठशे किलोमीटर तुडवत आलेले त्यांच्याकडे जरा वरून बघतात. ताईनं आळंदीहून पंढरपूरची वारी केलेली आहे. तिनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पंढरीत कुणी वही तपासत नाही," एवढंच म्हणाली.

देवळाचं काम १०७५ मध्ये सुरू झालं आणि १२११ मध्ये त्याचं अभिषेकविधीसह उद्घाटन झालं. बाहेरून दिसतो तो बरोक थाट म्हणजे जुन्या अंगावर चढवलेला अंगरखा. आत शिरलं की मूळचं जाडजूड, साधं, गंभीर देऊळ भेटतं. आणि त्या दोहोंच्या मध्ये पोर्तिको दे ला ग्लोरिया, मातेओ नावाच्या शिल्पकारानं घडवलेला तिहेरी दरवाजा. त्याच्या तुळईवर ११८८ हे साल कोरलेलं आहे. मी देवळांतली शिल्पं बघताना फार वेळ थांबणारी नव्हे, पण इथं थांबले. वरच्या अर्धवर्तुळात चोवीस म्हातारे वाद्यं घेऊन बसलेत आणि अजून मैफल सुरू व्हायची आहे. कुणी तारा जुळवतोय, कुणी शेजाऱ्याशी बोलतोय. डाव्या बाजूला प्रेषित दानिएल चक्क हसतोय. बाराव्या शतकातल्या दगडात असं मोकळं हसू दुसरीकडे मला तरी आठवत नाही. अलीकडच्या जीर्णोद्धारात, जो २०१८ मध्ये पुरा झाला, शतकांचं किटण निघालं आणि जुने रंग वर आले. मधल्या खांबावर लाखो हात टेकून पाच बोटांचे खळगे पडलेत. आता तिथं हात लावू देत नाहीत. खांबाच्या मागे गुडघे टेकून बसलेला माणूस म्हणजे खुद्द मातेओ, असं मानतात. अक्कल यावी म्हणून विद्यार्थी परीक्षेआधी त्याच्या डोक्यावर डोकं आपटायचे. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या ताईला ही प्रथा बंद झाल्याचं वाईट वाटलं.

बोताफुमेइरो नावाचं प्रचंड धुपाटणं आम्ही लटकलेलंच पाहिलं. पन्नासेक किलो वजनाचं हे धुपाटणं छताला दोर बांधून आठ माणसं ओढतात आणि ते देवळाच्या आडव्या दालनात या टोकापासून त्या टोकापर्यंत झोके घेतं. पण ते ठरावीक सणांना, किंवा कुणी खर्च उचलला तर. चालून आलेल्या गर्दीचा वास झाकायला ते सुरू झालं, असं सांगतात. लावाकोयाच्या ओढ्यात सगळेच उतरत नसावेत.

वर ज्या यात्रा-मार्गदर्शकाचा उल्लेख केला, तो कोदेक्स कालिक्स्तिनुस या हस्तलिखिताचा पाचवा भाग आहे. फार तोंडाळ पुस्तक. कुठल्या नदीचं पाणी प्यायल्यावर घोडा मरतो, कुठले नावाडी जादा पैसे उकळतात, कुठल्या मुलखातली माणसं कशी खातात, यावर लेखकानं मनसोक्त तोंडसुख घेतलंय. हे हस्तलिखित २०११ मध्ये देवळाच्या तिजोरीतून चोरीला गेलं आणि वर्षभरानं देवळाच्याच एका माजी इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजमध्ये सापडलं. हवं तर चोरकादंबरी लिहावी, इतकी सुबक घटना.

शहर झालं. आता भोवतालचा मुलूख.

पहिल्यांदा पाद्रोनला गेलो, कारण ते जवळ आहे आणि बसेस भरपूर. रेल्वे आणि बसची स्थानकं एकमेकांना लागून आहेत, जुन्या शहरातून पंधरा-वीस मिनिटांच्या उतारावर. जाताना उतार म्हणजे येताना चढ, हे ताईनं पहिल्याच दिवशी लक्षात आणून दिलं. संताची बोट ज्या दगडाला बांधली म्हणतात तो पाद्रोनच्या चर्चमध्ये वेदीखाली आहे. रोमन काळातला दगड. झडप उघडून दाखवतात. मला तिथली खरी ओढ होती ती कवयित्री रोसालिया दे कास्त्रोच्या घराची. लग्न न झालेल्या आईच्या पोटी १८३७ मध्ये सान्तियागोत जन्मलेली, बाप पाद्री. गालिसियन भाषा तेव्हा शेतात आणि स्वयंपाकघरात बोलली जायची. शतकानुशतकं तिच्यात पुस्तक म्हणून फारसं काही छापलं जात नव्हतं. रोसालियानं १८६३ मध्ये त्याच भाषेत कवितासंग्रह काढला. त्याच्या शताब्दीपासून १७ मे हा गालिसियन साहित्याचा दिवस म्हणून पाळतात. १८८५ मध्ये याच घरात ती कर्करोगानं गेली. दगडी दुमजली घर, मागे बाग, स्वयंपाकघरात मोठी चूल. तिचं थडगं मात्र सान्तियागोतल्या बोनावालच्या मठात आहे. त्याच मठात एकाच मनोऱ्यात एकमेकांना न भेटणारे तीन चक्राकार जिने गुंफलेत. कुठला जिना कुठं पोचतो हे चढल्यावरच कळतं.

पाद्रोनचं नाव स्पेनभर झालंय ते मिरच्यांमुळे. बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या, ऑलिव्ह तेलात परतून वर जाड मीठ. बहुतेक गोड, पण मधूनच एखादी झणका देते. खऱ्या मिरच्या शेजारच्या एर्बोन गावच्या. तिथल्या फ्रान्सिस्कन मठातल्या साधूंनी बी अमेरिकेतून आणलं असं मानतात. त्याच अमेरिकेतून, त्याच सुमारास, पोर्तुगिजांच्या जहाजांतून मिरची गोव्यात उतरली आणि तिथून आपल्या ठेच्यात आली. एकाच घराण्याच्या दोन शाखा, त्यातली एक इथं येऊन मवाळ झालेली. ताईनं अख्खी बशी झणक्याच्या शोधात संपवली आणि मग दुसरी मागवली.

समुद्रकाठच्या फिस्तेराची बस हा मात्र निराळाच मामला. अंतर नव्वदेक किलोमीटर. गाडीनं दीड तासाच्या आत. बस किनाऱ्याकिनाऱ्यानं गेली तर जवळपास तीन तास घेते. आम्ही जाणूनबुजून तीच घेतली आणि या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात आवडले ते हे तीन तास. नोइयाला अर्धी बस रिकामी झाली आणि बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायकांनी पुन्हा भरली. सगळ्या ड्रायव्हरला नावानं हाक मारत होत्या. एकीनं त्याच्या हातात एक डबा दिला. पुढच्या कुठल्याशा थांब्यावर एक मुलगा उभा होता, तो डबा घेऊन चालता झाला. मुरोसपर्यंत डाव्या हाताला खाडी, आणि खाडीत शिंपल्यांच्या शेतीचे लाकडी तराफे ओळीनं नांगरलेले. या तराफ्यांना दोर लोंबतात आणि दोरांवर कालवांसारखे काळे शिंपले वाढतात. उजव्या हाताला टेकड्या, आणि टेकड्यांवर निलगिरी.

निलगिरीचं हे प्रकरण मला खिडकीतूनच कळलं. गालिसिया हिरवागार आहे असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे, पण त्या हिरव्यातला बराचसा भाग निलगिरीचा आहे. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात गेलेल्या एका गालिसियन मिशनऱ्यानं बी पाठवलं, आणि पुढे कागदाच्या लगद्यासाठी लागवड झाली ती झालीच. ओक आणि चेस्टनट मागे हटले. निलगिरी भराभर वाढते आणि भराभर पेटतेही. २०१३ मध्ये वाटेतला पिंदो डोंगर असा जळाला की अजून त्याचा गुलाबी ग्रॅनाइट उघडा दिसतो. डोंगराच्या पायथ्याशी एसारोला शायास नदी कड्यावरून खाली उडी घेते आणि खाली लगेच समुद्र. वर धरण आहे, त्यामुळे सप्टेंबरात उडी जरा बेताचीच होती.

मध्ये कार्नोता लागतं. तिथं धान्य साठवायचं दगडी कोठार आहे, ओरेयो म्हणतात. प्रत्येक घराशेजारी असं एखादं असतंच: खांबांवर उचललेलं, हवा खेळावी म्हणून भिंतींना फटी, उंदीर चढू नये म्हणून खांबाच्या डोक्यावर आडवी दगडी चकती. कार्नोताचं चौतीस मीटर लांब आहे. ते चर्चच्या मालकीचं होतं. एवढं धान्य कुणाकडून जमा व्हायचं ते ओघानं आलंच.

फिस्तेरा म्हणजे मासेमारीचं गाव, आणि पुढे तीन किलोमीटरवर भूशिरावर १८५३ चं दीपगृह. युरोपच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेचं टोक हे नव्हे. ते पोर्तुगालात आहे, आणि स्पेनपुरतं बोलायचं तरी थोडं उत्तरेचं तोरिन्यान भूशिर आणखी पश्चिमेला जातं. पण यात्रेकरूंनी शेवट इथं ठरवला आणि दगडावर शून्य किलोमीटर कोरलं. पूर्वी इथं बूट आणि कपडे जाळायचे. आता मनाई आहे, तरी खडकांत काजळी दिसते. गाडीनं येणारे बरोबर सूर्यास्ताला येतात, फोटो काढतात आणि परततात. बसवाल्यांना ते जमत नाही, कारण सप्टेंबरात सान्तियागोची शेवटची बस सूर्यास्ताच्या आधी सुटते. तेव्हा मुक्काम करणं आलं. त्यामुळे दुपारी बंदरावर मासळीचा लिलाव बघायला मिळाला, आणि रात्री दीपगृहाकडून परतताना सगळा रस्ता आम्हा दोघींचा होता. टॉर्च आणायला हवा होता, एवढं मात्र खरं.

हा किनारा सुंदर आहे आणि क्रूरही. मृत्यूचा किनारा असंच त्याचं नाव आहे, बुडालेल्या जहाजांवरून. २००२ च्या नोव्हेंबरात 'प्रेस्तिज' हे तेलवाहू जहाज इथं फुटलं. सरकारनं ते बंदरात घेण्याऐवजी खोल समुद्राकडे हाकललं, तिथं त्याचे दोन तुकडे झाले आणि शेकडो किलोमीटर किनारा डांबरासारख्या तेलानं माखला. देशभरातून तरुण मुलं पांढरे कोट घालून खडक खरवडायला आली. शेजारच्या मुशियाला आज त्याची आठवण म्हणून उभी चिरलेली प्रचंड दगडी शिळा आहे. तिच्या खाली, लाटांच्या अगदी तोंडावर, नावेच्या मातेचं मंदिर, जे २०१३ च्या नाताळच्या दिवशी वीज पडून आतून जळालं आणि पुन्हा उभं केलं गेलं.

सान्तियागोहून पोंतेवेद्राला आगगाडीनं पाऊण तासाच्या आत पोचतो. तिथं बघायला एक शिंपल्याच्या आकाराचा पाया असलेलं छोटं चर्च आहे, कमानींचे चौक आहेत. पण मी गेले होते ते गाड्या न बघायला. १९९९ मध्ये नवे महापौर मिगेल आन्शो फेर्नांदेस लोरेस आले आणि जुन्या शहरातून गाड्या काढून टाकायला लागले. दुकानदारांनी आरडाओरडा केला. लोरेस पुन्हा पुन्हा निवडून आले. आता भर गावात चौकाच्या मधोमध मुलं चेंडू खेळतात आणि आया कॉफी पीत त्यांच्याकडे लक्षही देत नाहीत. लक्ष देण्यासारखं काही घडण्याची शक्यता नाही म्हणून. नगरपालिकेनं मेट्रोच्या नकाशासारखा एक नकाशा काढलाय: रंगीत रेघा, थांबे, आणि दोन थांब्यांमध्ये चालत किती मिनिटं ते. शहरात मेट्रो नाही, तो चालण्याचाच नकाशा आहे. ताईनं त्याच्या दोन प्रती मागून घेतल्या. एक ती आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना पाठवणार आहे. त्यांच्या उत्तराची वाट बघणं मी तिच्यावर सोडलंय.

आता जे जमलं नाही ते. सिल नदीच्या घळीत उतरलेले द्राक्षमळे आणि रानातले मठ राहिले. तोरिन्यान राहिलं. स्पेनमधल्या एकूण वस्त्यांपैकी जवळपास निम्म्या एकट्या गालिसियात आहेत, सुमारे तीस हजार. कित्येक वस्त्या चार-सहा घरांच्या, आणि काहींत आता कुणीच राहत नाही. एवढ्या विखुरलेल्या मुलखात दर तासाला बस कोण सोडणार? प्रांतिक सरकारनं शाळेच्या बसमधल्या रिकाम्या जागा इतरांना खुल्या केल्या आहेत आणि आधी फोन केला तरच येणाऱ्या बसही सुरू केल्यात. दवाखान्यात जायचं असलेल्या आजीला ती सोय चांगलीच आहे. पण फोनवर गालिसियनमध्ये बोलायची हिंमत आमच्यात नव्हती. तेव्हा ज्याला फक्त खोऱ्यातले मठच बघायचे असतील त्यानं खुशाल गाडी घ्यावी, मी उगाच तत्त्व सांगणार नाही.

आणि रविवारी लांबचा बेत ठरवू नये. वेळापत्रकातल्या निम्म्या ओळी त्या दिवशी गायब असतात. आम्ही रविवारी सान्तियागोच्याच खालच्या अंगाला, सार नदीकाठी, बाराव्या शतकातलं सांता मारिया चर्च बघायला चालत गेलो. आतले खांब बाहेरच्या बाजूला चांगलेच कललेत, चक्कर आल्यासारखं वाटावं इतके. खालची माती सैल आणि वरच्या छताचा भार जास्त. म्हणून नंतरच्या काळात बाहेरून भल्यामोठ्या दगडी टेकूंनी चर्चला दोन्हीकडून धरून ठेवलंय. ताई एका खांबाला समांतर वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "काढ फोटो. आणि लवकर काढ, परत चढ चढायचाय."